‘मायर’ आडनावावरचे दोन तास

सदाशिव पेठेतील एका खासगी जर्मन वर्गाने ‘मायर’ या एकाच जर्मन आडनावावर सशुल्क व्याख्यान ठेवले, तेव्हा एवढा विषय दोन तास पुरेल का, अशी मला शंका होती. ती पहिल्या अर्ध्या तासातच फिटली. लॅटिनमधील ‘मायोर’, म्हणजे ‘मोठा’, या शब्दापासून आलेले हे नाव मध्ययुगात जमीनदाराच्या वतीने शेतीवाडी पाहणाऱ्या आणि कुळांकडून देणी वसूल करणाऱ्या कारभाऱ्याचे पदनाम होते. पुढे ते आडनाव झाले. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही आपली आडनावेही पदांवरूनच आलेली असल्याने श्रोत्यांना ही वाट परकी वाटली नाही. नीडरमायर म्हणजे खालच्या बाजूचा मायर आणि ओबरमायर म्हणजे वरच्या बाजूचा, हे तर आपल्या ‘खालची आळी, वरची आळी’ या धाटणीचेच.

व्याख्यानाचा सर्वांत सरस भाग ज्यू कुटुंबांविषयीचा होता, कारण त्यांच्यातील ‘मायर’ अनेकदा ‘प्रकाश देणारा’ अशा अर्थाच्या ‘मेईर’ या हिब्रू नावावरून आलेला असतो. उच्चार एकच असूनही लेखनाच्या चार प्रमुख तऱ्हा का टिकल्या, याचे उत्तर मात्र घाईत उरकले गेले. 1 जानेवारी 1876 पासून जर्मन साम्राज्यभर जन्म, विवाह आणि मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली आणि कुटुंबांची लेखनपद्धती बहुतांशी नोंदवहीत होती तशीच स्थिरावली, एवढे सांगून वक्ते पुढे गेले. वाटलेल्या छायाप्रती इतक्या पुसट होत्या की जुन्या वळणाची जर्मन अक्षरे लावणे अशक्यच होते. तरीही शुल्क वसूल झाले, असे माझे मत आहे.