चामड्यावरचं ठसेकाम: पावसाळा ते उन्हाळा हत्यारं वापरून आलेला अनुभव

घरी चामड्याचं काम सुरू करायचं ठरवलं की बहुतेक जण आधी ओल्या कातड्यावर ठोकून नक्षी उमटवायच्या वीस-पंचवीस ठशांचा संच मागवतात. माझं स्पष्ट मत आहे की ही पहिली खरेदी नसावी. गेल्या पावसाळ्यापासून मी ही हत्यारं जवळजवळ रोज संध्याकाळी वापरते आहे. पट्टे, वह्यांची वेष्टनं, चष्म्याची घरं असं बरंच काही करून झालं. त्यावरून सांगते: पैसे आधी चांगल्या कातड्यावर घाला, मग खाली ठेवायचा दगड आणि ठोकायची मोगरी यांवर, मग स्विव्हल नाइफवर, म्हणजे कातड्यावर नक्षीच्या रेघा कापायच्या, बोटांत फिरणाऱ्या सुरीवर. ठसे सगळ्यांत शेवटी, आणि तेही एकेक करून.

कातड्यापासूनच सुरुवात करते, कारण निम्मं काम तिथेच होतं किंवा बिघडतं. ठसा नीट उठतो तो फक्त झाडांच्या साली-फळांनी कमावलेल्या चामड्यावर. बाजारात याला ‘व्हेज टॅन’ म्हणतात. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, तेही याच जातीचं. तमिळनाडूकडचं चामडं एके काळी तरवडाच्या सालीवर कमावलं जायचं. याउलट पर्स, जॅकेट, सोफे यांचं मऊ चामडं बहुतेक क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते ओलं करून कितीही ठोका, थोड्या वेळात दाब विरून जातो. दुकानात ओळखायचं असेल तर तुकड्याची कापलेली कड बघा. क्रोमचा गाभा बहुधा निळसर-राखाडी असतो, व्हेज टॅनचा वरपासून खालपर्यंत बदामी. शिवाय पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाका. तो आत मुरला आणि तिथे रंग गडद झाला तर घ्या. थेंब तसाच वर बसून राहिला तर वर फिनिश मारलेलं आहे, ठसेकामाला निरुपयोगी. धारावीच्या बाजारात ‘नॅचरल, फिनिश न मारलेलं’ असं नेमकं मागितलं की दुकानदार आतून वेगळा गठ्ठा काढतात.

म्हशीचं कातडं स्वस्त पडतं आणि पट्ट्याला भक्कम असतं, पण त्याचा पोत जाडाभरडा. विणीच्या ठशाला ते चालतं, बारीक फुलापानाला नाही. जाडी पट्ट्याला तीन ते साडेतीन मिलिमीटर, एरवी दोन. दीडच्या खाली गेलात तर ठशाला खोली मिळत नाही.

आता पाणी. मला विचाराल तर अख्ख्या ठसेकामाचं मर्म इथे आहे. स्पंजने पाणी लावून लगेच ठोकायला घेतलं तर कातडं लगदा झाल्यासारखं दबतं आणि ठशाच्या कडा गोलसर होतात. कोरडं असेल तर ठसा नुसता वरवर उमटतो. पाणी सगळीकडे सारखं लावायचं आणि थांबायचं. वरचा रंग मूळच्या बदामीकडे परतू लागतो, पण हाताची मागची बाजू टेकवली तर गारवा लागतो, तीच वेळ. त्या वेळी मारलेल्या ठशाचा तळ आपसूक गडद तपकिरी होतो, एखाद्याने बारीक कुंचल्याने छाया दिल्यासारखा. कोल्हापुरात चपला करणाऱ्या एका मामांना मी घाईचं कारण सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “कातड्याला पाणी पिऊ दे की आधी.” त्यानंतर मी आदल्या रात्रीच ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायला लागले. सकाळी ओल आतपर्यंत सारखी पोचलेली असते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर याला पर्यायच नाही, कारण पट्ट्याच्या एका टोकाचं काम संपेपर्यंत दुसरं टोक वाळलेलं असतं. पावसाळ्यात मात्र ओलं कातडं पिशवीत एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, बुरशी धरते.

संचाबद्दल. दीड-दोन हजारांत ऑनलाइन मिळणारा, मिश्रधातूवर चकाकता मुलामा दिलेला संच मी घेतला. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण असे संच सगळीकडे साधारण सारखेच दिसतात. त्यातले पाच-सहा ठसे मी खरोखर वापरते: पार्श्वभूमी दाबायचा बारीक ठिपक्यांचा, पाकळीला खोलगटपणा देणारा पेअर शेडर, पानाच्या शिरांचा व्हेनर, फुलाच्या मध्यावर दाणे उठवणारा सीडर. हे ठीक आहेत. बाकीच्यांच्या तोंडावर ओतकामाची बारीक रेघ राहिलेली होती आणि ती प्रत्येक ठोक्याला कातड्यावर उमटायची. बारीक पॉलिश पेपरवर घासून काहींची गेली, काहींची नक्षीच बोथट झाली. सगळ्यांत निराशा केली ती बेव्हलरने. कापलेल्या रेघेची एक बाजू दाबून उठाव आणणारा हा ठसा, म्हणजे चित्राचा सगळा उठाव याच्या जिवावर. संचातल्याचं तोंड ओबडधोबड आणि कडा जाड. हात कितीही सावकाश सरकवला तरी दबलेल्या जागी पायऱ्या दिसतात.

काही महिन्यांत आणखी एक गोष्ट दिसली. दोन ठशांचा मुलामा उडाला आणि ओल्या कातड्यावर निळे-काळे डाग पडायला लागले. कारण सरळ आहे. कातड्यात टॅनिन असतं, त्याला लोखंड आणि ओल मिळाली की काळा रंग तयार होतो. जुनी लिहायची काळी शाई याच रसायनावर बनायची. म्हणून ओल्या कातड्याजवळ गंजका कानस किंवा लोखंडाचा कीसही नको. ताजा डाग लिंबाच्या रसाने बराचसा जातो, नंतर साध्या पाण्याने पुसून घ्यायचं.

त्यानंतर स्टेनलेस स्टीलचे फक्त दोन ठसे घेतले, एक गुळगुळीत बेव्हलर आणि एक बास्केट वीव्ह, म्हणजे टोपलीच्या विणीचा. दोघांची मिळून किंमत अख्ख्या संचापेक्षा जास्त झाली आणि मला ती पूर्ण पटली. विणीच्या एका ठशाने पट्टा, पाकीट, वही काहीही भरून काढता येतं, चित्रकला येण्याची गरज नाही. आधी विभाजकाने, म्हणजे दोन टोकदार पायांच्या डिव्हायडरने, कातड्यावर एक तिरकी रेघ हलकेच ओढायची आणि पहिली ओळ तिला धरून मारायची. पुढच्या प्रत्येक ठशाचं टोक आधीच्या टोकाच्या खुणेत बसवत जायचं. पहिली ओळ केसभर कललेली असली की दहाव्या ओळीपर्यंत वीण उघड वाकडी दिसते. कडेला पोचल्यावर ठसा थोडा कलता धरायचा, म्हणजे चौकटीबाहेर खूण पडत नाही. नवख्याला एकच ठसा घ्यायचा असेल तर मी डोळे झाकून हा सांगेन.

ठोकायला लोखंडी हातोडी नको, ठशाची डोकी फुलतात. लाकडी मोगरी चालते. मी नायलॉनची वापरते, साधारण अर्धा किलोची. खाली ग्रॅनाइट हवा. स्वयंपाकाचे ओटे बसवणाऱ्यांकडे सिंकसाठी कापून काढलेला तुकडा पडलेला असतो, मला तो फुकट मिळाला. कडाप्पा घेऊ नका, त्याचे पापुद्रे सुटतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी दगडाखाली जाड रबर घालावं आणि तो टेबलाच्या मधोमध न ठेवता पायाच्या बरोबर वर ठेवावा. टेबल नाचत नाही, ठसा खोल जातो आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रारही येत नाही.

स्विव्हल नाइफचं पातं नवीन असलं तरी लगेच वापरू नका. पाटीवर चामडं चिकटवून त्यावर हिरवा रूज, म्हणजे धारेला पॉलिश करायची वडी, घासा आणि पातं त्यावर ओढा. धार आली की ते कातड्यात लोण्यासारखं वळतं. काप जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, त्याहून खोल नाही. माझ्या कामात सगळ्यात मोठा फरक याने पडला, कुठल्याच ठशाने नाही.

अक्षरांबद्दल शेवटी. तयार मिळतात ते संच बहुतेक रोमन अक्षरांचे. देवनागरीचे सुटे ठसे जुळवून नाव लिहिणं तसंही अवघडच, कारण प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्याला अखंड भिडायला हवी आणि हाताने मारताना ती खालीवर होते. वेलांट्या, उकार वेगळेच. त्यावर चांगला उपाय म्हणजे पूर्ण नावाचा एकच पितळी ब्लॉक करून घेणं. लग्नपत्रिकांवर उठावाची छपाई करणाऱ्यांना ब्लॉक करून देणारे कारागीर हे काम करतात. आरसा-प्रतिमा तेच काढतात, आपण फक्त ठसठशीत, जाड वळणाचा टाइप द्यायचा, कारण बारीक रेघा कातड्यात भरून येतात. असा मोठा ब्लॉक मोगरीने ठोकू नका, एक बाजू खोल आणि एक उथळ जाते. दोन सपाट फळ्यांमध्ये कातडं आणि ब्लॉक ठेवून सी-क्लॅम्पने, म्हणजे स्क्रू फिरवून आवळायच्या शिकंजाने, आवळा आणि काही मिनिटं तसंच राहू द्या. पाण्याचा नियम इथेही तोच, रंग परतू लागल्यावरच.