मन वळवणारी भाषा शिकवताना सुरुवात कशाने: जाहिरातीने की अग्रलेखाने?

मन वळवणारी भाषा मुलांना ओळखता यावी आणि वापरताही यावी, हे आपल्याला हवंय. तास मात्र मोजकेच मिळतात. मी नववीला दोन्ही वाटांनी शिकवून पाहिलंय.

जाहिरातीचं साहित्य रोज पेपरातून घरी येऊन पडतं. मी क्लासची पत्रकं घेतो. अनुप्रास, यमक, अतिशयोक्ती ही कवितेच्या तासाला पाठ केलेली नावं मुलांना तिथे आपणहून सापडतात. एका पत्रकावर होतं, ‘शेवटच्या फक्त 5 जागा!’ मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, पत्रक छापायला दिलं तेव्हाच त्यांना कसं कळलं की 5च उरणार?” या एका प्रश्नात सगळा धडा आला. मग मी सांगितलं, की अशी खोटी घाई आणि निवडीची खोटी हमी यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. शब्दांची करामत कायद्यापर्यंत पोचते, याचं मुलांना फार नवल वाटलं.

पण तीच मुलं लिहायला बसली, की ‘त्वरा करा, आजच भेट द्या’वर थांबतात. कारण द्यायला जाहिरात शिकवत नाही.

अग्रलेख ते शिकवतो, पण वेळ घेतो. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा 6 जुलै 1897 चा ‘केसरी’तला लेख घ्यायचा, तर पुण्यातला प्लेग, गोऱ्या सोल्जरांच्या घरझडत्या, 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्या हे सगळं आधी सांगावं लागतं. त्यात एक तास जातो. भाषाही आजच्या मुलांना जड जाते, म्हणून मी मथळा आणि एक-दोन परिच्छेदच घेतो. मथळ्यावर मात्र अख्खा तास खर्च करावा. फळ्यावर शेजारी लिहायचं, ‘सरकारचे धोरण चुकीचे आहे काय?’ आणि विचारायचं, काय हरवलं? ‘डोकं ठिकाणावर आहे का’ हे आई पोराला म्हणते, शेजारी शेजाऱ्याला म्हणतो. ते टिळकांनी थेट साम्राज्याला विचारलं. शिवाय प्रश्न असा, की उत्तर वाचणाऱ्याच्याच तोंडून यावं. हे मुलांना समजतं तेव्हा वर्ग क्षणभर गप्प होतो.

एक अडचण आहे. जाहिरातीवर मुलं संशय घेतात, टिळकांवर घेत नाहीत. ज्याच्याबद्दल आदर आहे त्याची युक्ती ओळखणं खरं कठीण, आणि मला तेच शिकवणं जास्त मोलाचं वाटतं.

वक्तृत्व स्पर्धेतल्या पाठ केलेल्या भाषणांच्या वाटेला यासाठी जाऊ नका. तिथे मुलांचं लक्ष पुढची ओळ आठवण्यात असतं.

तेव्हा तीनच तास असतील, तर जाहिरात घ्या. महिना हाताशी असेल, तर जाहिरातीने सुरुवात करून अग्रलेखाकडे या. दोन्ही वाटांच्या शेवटी खऱ्या माणसाला खरं विनंतिपत्र लिहायला लावा. आमच्या मुलांनी एसटीच्या आगारप्रमुखांना लिहिलं. पहिल्या खर्ड्यात ‘आम्हा गरीब विद्यार्थ्यांवर दया करा’ होतं. तिसऱ्या खर्ड्याची पहिली ओळ होती: ‘आमची शाळा 5 वाजता सुटते आणि गावची शेवटची बस 4.50 ला निघते.’