बेट्टा माशाच्या बाऊलमधलं घाण पाणी काढायला सायफन पंप, एकदम कामाची वस्तू

नळीवरचा रबरी फुगा दोन-तीनदा दाबला की पाणी आपोआप खालच्या बादलीत पडायला लागतं, तोंडाने ओढायची भानगड नाही, आणि नळीचं तोंड खड्यांत खुपसलं की खाली साचलेली शी नि उरलेले दाणे असे भसाभस वर येतात की बघूनच किळस येते. मासा बाहेर काढावा लागत नाही हे बेस्ट. पाणी 25-30 टक्केच काढा, सगळं ओतून बाऊल साबणाने घासत बसू नका राव. छोट्या बाऊलला पंपाची मोठी साईज नकोच, बघता बघता अर्धा रिकामा होतो. नळी जरा कडक आहे, गरम पाण्यात बुडवली की वळते. बाकी नवीन भरायच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन घालवणारे अँटीक्लोरीनचे थेंब टाकायचेच, ते काम सायफन करणार नाहीये.