अर्ध्या ब्लेडचा वस्तरा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सलूनमध्ये दिसतो तोच, स्टीलचा, दुमडणारा, अर्धं ब्लेड लावायचा वस्तरा. घरच्या दाढीसाठी आठ महिने, आठवड्यातून तीनदा, म्हणजे शंभराच्या आसपास दाढ्या झाल्या. निकाल आधीच सांगून टाकतो. गाल, कल्ले आणि गळा यांसाठी याच्यासारखं हत्यार नाही. हनुवटी आणि वरचा ओठ यांसाठी साधा सेफ्टी रेझरच बरा. आणि ऑफिसला उशीर होत असेल त्या सकाळी याला हातही लावू नये.

एक घोळ सुरुवातीलाच मिटवू. वस्तरे दोन जातीचे. एक खरा, जुन्या पद्धतीचा: जाड कण्याचं अखंड पोलादी पातं, त्याला दगडावर धार लावायची आणि दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचं. दुसरा हा ब्लेडचा, ज्याला परदेशात 'शॅव्हेट' म्हणतात. दोन्ही दुमडतात, दोन्ही सारखेच दिसतात, चेहऱ्यावर मात्र वागतात वेगळे. खऱ्या वस्तऱ्याला वजन असतं, त्याचं टोक बऱ्याचदा किंचित गोल केलेलं असतं आणि पट्ट्यावर फिरवलेली धार कातडीवर मऊ जाते. ब्लेडचा वस्तरा हलका. त्यातलं ब्लेड कारखान्यातून आलेलं, जास्त बोचरं, आणि त्याचे दोन्ही कोपरे काटकोनात. खऱ्या वस्तऱ्याचे व्हिडिओ बघून हा हातात घेतला की पहिल्याच आठवड्यात चेहऱ्यावर चार-पाच रेघा ठरलेल्या. ब्लेडचा वस्तरा सोपा आणि खरा अवघड, हा समज उलटा आहे. सांभाळायला सोपा हा, चेहऱ्यावर चालवायला सोपा तो.

आता ब्लेड. नेहमीचं दुधारी ब्लेड 43 मिमी लांब, 22 मिमी रुंद आणि जेमतेम 0.1 मिमी जाड असतं. ते लांबीच्या रेषेत मोडून दोन तुकडे करायचे. आतला कागद काढायचा नाही. कागदासकट दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत ब्लेडच्या आखूड बाजू पकडायच्या, धारेला बोट लागू द्यायचं नाही, आणि पुस्तक मिटावं तसं मधोमध वाकवायचं. बारीक 'टक्' आवाज येतो आणि ब्लेड मधल्या भोकांच्या रेषेत सरळ मोडतं. इतकं कडक पोलाद जरासं लवतं आणि मग मोडतं. कागद काढून मोडलं तर बारीक कपची उडू शकते, म्हणून तो कागद. उरलेला अर्धा भाग त्याच कागदात ठेवायचा. हे नकोच असेल तर आधीच अर्धी केलेली ब्लेडंही मिळतात. टर्कीच्या डर्बीचा शंभराचा डबा येतो.

अर्धं ब्लेड वस्तऱ्याच्या घरात, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या खोबणीत, बसवताना त्यातल्या अर्ध्या खाचा आतल्या खुंट्यांवर नीट बसल्या पाहिजेत. मग खटका लावून वस्तरा उजेडाकडे धरायचा आणि ब्लेडची धार व घराची कड समांतर आहे का ते पाहायचं. एका टोकाला ब्लेड अर्धा मिलिमीटर जरी जास्त बाहेर आलं असेल तर तोच कोपरा कापणार. सुरुवातीच्या बऱ्याच जखमा हाताच्या चुकीनं नाही, तिरकं बसलेल्या ब्लेडनं होतात. म्हणून वस्तरा विकत घेतानाच खटका लावून ब्लेड हलतं का ते बघावं. बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या काही वस्तऱ्यांचं घर इतकं ढिलं असतं की ब्लेड गालावर थरथरतं. हातात जरा जड लागणारा वस्तरा निवडावा. वजन असलं की दाब द्यायची इच्छाच होत नाही.

कुठलं ब्लेड? पहिले दोन महिने जपानी फेदरच्या वाटेला जाऊ नये. ते अतिशय धारदार आहे आणि चुकीला माफी देत नाही. पण फार बोथट ब्लेडही नको, कारण केस ओढला गेला की हात आपोआप दाबतो आणि दाबलं की कापतंच. हिरव्या पाकिटातलं ॲस्ट्रा किंवा विल्किन्सन यांवर हात चांगला बसतो. सुपर-मॅक्स स्वस्त आणि सौम्य, पण राठ दाढीवर दुसऱ्या वापरातच ओढायला लागतं. अर्धं ब्लेड दोन दाढ्या नीट जातं. पहिलीपेक्षा दुसरी बऱ्याचदा जास्त गुळगुळीत होते. तिसरीला काटकसर करू नये. स्वस्तातला जिन्नस आहे.

फेसाबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्मी दाढी इथेच होते. आंघोळीनंतर लगेच बसायचं, नाहीतर कोमट पाण्यात भिजवलेला नॅपकिन दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर धरायचा. केस पाणी पितो आणि मऊ होतो; कोरड्या केसावर ब्लेड अडखळतं. मग हरभऱ्याएवढं क्रीम, भिजवून निथळलेला ब्रश आणि थेंब-थेंब पाणी घालत मिनिटभर घोटणं. सलूनसारखा साबुदाण्याच्या वड्याएवढा जाड फेस वस्तऱ्याला नको. त्यात धार कुठे टेकली आहे तेच दिसत नाही. फेस दह्यासारखा हवा, पातळ थराचा, निसरडा, खालची कातडी जरा दिसेल असा. डब्यातला तयार फोम इथे कामाचा नाही. तो हवेनं भरलेला असतो आणि निसरडेपणा देत नाही. बोअरच्या पाण्यात फेस होत नसेल तर क्रीम बदलून फारसा फरक पडणार नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबण फाडतं. फेसापुरतं वाटीभर आरओ फिल्टरचं पाणी घ्यावं.

आणि पंखा बंद. मे महिन्यात पंख्याखाली बसलात तर दुसऱ्या गालाकडे येईपर्यंत फेसाची पापडी झालेली असते. शिकत असताना एका वेळी अर्ध्याच चेहऱ्याला फेस लावणं शहाणपणाचं.

धरायचा कसा? मूठ अशी नाहीच. घराच्या मागे जो बारीक दांडा असतो त्यावर वरून तीन बोटं, खालून अंगठा, आणि मागच्या वळलेल्या शेपटीवर करंगळी. ज्यात वस्तरा दुमडतो ते आवरण वर उघडं राहतं. पकड पेन धरल्याइतकी हलकी.

कोन साधारण 30 अंश, म्हणजे एक वाजता घड्याळाच्या काट्यांमध्ये असतो तेवढा. वस्तरा आधी गालावर आडवा झोपवायचा, मग पाठ हळूहळू उचलायची. कोन जमला की केस कापल्याचा बारीक, कोरडा चरचराट ऐकू येतो. आवाज येत नसेल तर कोन कमी आहे, ब्लेड नुसतं फेस ढकलतं आहे. खरवडल्यासारखा मोठा आवाज आला तर कोन जास्त, आणि दाढी संपल्यावर गाल जळणार. कान उघडे ठेवून केलेली दाढी आरशात बघून केलेल्या दाढीपेक्षा बरी होते, हे गंमतीनं म्हणत नाही. बाथरूममधल्या वरच्या दिव्यानं जबड्याखाली सावलीच पडते, तिथे आवाजावरच चालावं लागतं.

पण खरं काम वस्तऱ्याच्या हाताचं नाही, रिकाम्या हाताचं आहे. कातडी ताणलेली नसेल तर ब्लेडपुढे तिची लाट उठते आणि धार त्या लाटेत शिरते. सलूनमध्ये नीट पाहिलं तर कारागीर एका हातानं वस्तरा चालवतो आणि दुसऱ्यानं सतत कातडी ओढत असतो. आपलं लक्ष फक्त वस्तऱ्याकडे जातं. ताणणारी बोटं कोरडी हवीत. फेसानं निसटत असतील तर तुरटीच्या ओल्या खड्यावर बोटं घासून पुसायची, पकड लगेच येते.

कल्ल्यापासून सुरुवात. कानाजवळची कातडी वर ओढायची आणि दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे फटके खाली. लांब फटक्यात कोन मध्येच बदलतो. जबड्याच्या हाडावर थेट ब्लेड नेऊ नये. हाडाखालची कातडी वर गालावर ओढून घेतली की गळ्याचा भाग सपाट गालावर येतो, तिथेच तो उरकायचा. कंठमण्यावर हीच युक्ती आडवी: कातडी बाजूला सरकवून उंचवट्यावरून उतरवायची आणि मग दाढी. हनुवटी हा सगळ्यात वाईट भाग. तिथे वळण इतकं तीव्र की सरळ ब्लेड एका बिंदूवरच टेकतं, आणि तो बिंदू बऱ्याचदा ब्लेडचा कोपरा असतो. वरच्या ओठासाठी न्हावी नाकाचा शेंडा वर धरतो ते उगीच नाही. पण स्वतःचं नाक स्वतः धरलं की आरसा हाताआड जातो. म्हणून पहिले दोन महिने तरी हनुवटी आणि मिशीची जागा सेफ्टी रेझरनंच करावी. आठ महिन्यांनंतरही माझं मत बदललेलं नाही.

डावा गाल कुठल्या हातानं? उजव्यानं करायचा तर हात तोंडावरून आडवा येतो आणि दिसत काही नाही. डाव्या हाताची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. आठवडाभर ब्लेड न लावता नुसता वस्तरा फेसावरून फिरवायचा. फुग्याला फेस लावून तो न फोडता उतरवायचा सरावही बरेच जण सांगतात. त्यानं दाब कमी करायला शिकता येतं, एवढंच. फुग्याला ना सुरकुती ना कंठमणी.

दिशेचं गणित वेगळं. दोन दिवस दाढी वाढू द्यावी आणि बोट फिरवून पाहावं: गुळगुळीत लागतं ती केसाची दिशा, टोचतं ती उलटी. गालावर केस खाली येतात हे बहुतेकांचं सारखं. गळ्यावर मात्र ते आडवे, तिरके, काहींचे चक्क खालून वर. पहिला महिना फक्त सुलटा हात, म्हणजे केसाच्या दिशेनं. मग केसाला आडवा. उलटा हात तीन महिन्यांनी, तोही गालावर. ज्यांच्या गळ्यावर दाढीनंतर पुळ्या येतात, केस कातडीत वळून उगवतात, त्यांनी उलटा हात कधीच मारू नये.

कापलं तर जखम काय सांगते ते वाचायला शिकावं. छोटी, खोल, एका बिंदूतून थेंब येणारी जखम कोपऱ्याची: ब्लेड तिरकं बसलंय किंवा वळणावर टोक आधी टेकलंय. लांब, बारीक, सरळ रेघ म्हणजे वस्तरा धारेच्या दिशेनं आडवा सरकला. ही चूक सगळ्यात धोक्याची, सुरी कांद्यावर सरकते तशी. कापताना वस्तरा फक्त पुढे जायला हवा, बाजूला एक केसभरही नाही. ठिपके-ठिपके रक्त आलं तर दाब जास्त किंवा एकाच जागी चौथा हात मारला. इलाज तिन्हींना एकच: थंड पाणी, मग तुरटीचा ओला खडा अर्धा मिनिट दाबून. तुरटी सगळ्या चेहऱ्यावर फिरवली की कुठे झोंबतं त्यावरून कुठे खरवडलं तेही कळतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा चेहऱ्यावर चामखीळ असेल तर या छंदाचा विचार दोनदा करावा.

सांभाळायला फार काही नाही. धार टॉवेलला पुसायची नाही. ब्लेडवरचा लेप जातो आणि टॉवेलही कापतो. धुऊन झटकायचा, खटका उघडून घर सुकवायचं. कोकणातल्या पावसाळ्यात बिजागरीच्या पिनला गंज धरतो, तिथे आठवड्याला खोबरेल तेलाचा एक थेंब. वस्तरा दुसऱ्यानं वापरला तर नवं ब्लेड आणि घराला स्पिरिट, यात तडजोड नाही. हेपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, आणि सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावतात ते त्यासाठीच. विमानप्रवासात वस्तरा आणि ब्लेडं दोन्ही चेक-इन सामानात.

वेळ: पहिल्या आठवड्यात चाळीस मिनिटं, आता पंधरा. सेफ्टी रेझरनं आठ. खर्च महिन्याला तीन-चार ब्लेडं. ज्यांना दाढी राखून गालावरची रेघ आखायची आहे, त्यांच्यासाठी मात्र याला पर्यायच नाही, कारण इथे ब्लेड दिसतं; सेफ्टी रेझरचं डोकं नेमकी तीच रेघ झाकून टाकतं.

वापरलेले तुकडे कचऱ्याच्या पिशवीत सुटे टाकू नका. अर्धं ब्लेड प्लॅस्टिकच्या पिशवीतून सहज बाहेर येतं आणि कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात घुसतं. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडायची, झाकण चिकटपट्टीनं बंद करायचं, आत टाकत राहायचं. डबा भरायला काही वर्षं लागतील. भरला की वर 'ब्लेड' असं मोठ्या अक्षरात लिहून वेगळा हातात द्यायचा.