बोटींची पाळी लावणारं सॉफ्टवेअर: एका हंगामानंतर

बुकिंग, पावत्या, हिशेब या बाबतीत तक्रार नाही. दिवाळीत विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार तारे दिले असते. आता दोन.

मालवणला दांडी किनाऱ्यावर आमच्या गटाच्या १२ बोटी पर्यटकांना नेतात. रोजची पाळी पूर्वी चिठ्ठ्या टाकून ठरायची, यंदा क्रोममध्ये बटण दाबून. सकाळची पाळी म्हणजे निवळ पाणी आणि भरलेली बोट. दुपारी वारा सुटला की गिऱ्हाईक कमी. सभासदांच्या यादीत तळाला नाव असलेला एक तांडेल शेवटी बोललाच, "दादा, माझो नंबर पुढे येवचो तरी कधी?" जुन्या पाळ्या काढून पाहिल्या. वरची नावं सकाळी जास्त, तळाची कमी. कंपनीला फोन केला तर उत्तर, "रँडम आहे, कधीकधी असं होतं." कधीकधी? अख्खा हंगाम?

संशय आधी मॅथ.रँडमवर होता, म्हणजे ब्राउझरमध्ये ० ते १ मधला कुठलाही आकडा काढून देणाऱ्या फंक्शनवर. क्रोममधली त्याची जुनी पद्धत खरंच कच्ची होती, पण २०१६ च्या क्रोम ४९ पासून तिथे एक्सॉरशिफ्ट१२८+ नावाची आकडे काढायची नवी पद्धत आहे, आणि पाळ्या लावायला ती भरपूर झाली. दोष भाचीने कोड उघडल्यावर दिसला. यादी सॉर्टला, म्हणजे दोन-दोन नावांची तुलना करून क्रम लावणाऱ्या फंक्शनला, दिलीय आणि तुलनेच्या जागी 'मॅथ.रँडम वजा ०.५' लिहिलंय. म्हणजे दोन नावांत पुढे कोण, हे दर वेळी नाणेफेकीवर. तीन नावांचे क्रम सहा होतात. प्रत्येकाला एक षष्ठांश वाटा मिळायला हवा. नाणेफेकीतून अर्धा, पाव, अष्टमांश आणि त्यांच्या बेरजाच निघतात. एक षष्ठांश कितीही डोकं लढवलं तरी निघत नाही! कोणाचं नुकसान होणार ते सॉर्टच्या आतल्या पद्धतीवर ठरतं. आमची यादी सभासद झाल्याच्या क्रमाने, रोज तीच. त्यामुळे नुकसानही रोज त्याच घरांचं, नव्याने बोट घेऊन कर्ज फेडणाऱ्यांचं. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या युरोपातल्या ब्राउझर निवडीच्या पानावर हीच चूक सापडली आणि दुरुस्तही झाली. इतक्या वर्षांनी ती विकत का घ्यावी?

उपाय फिशर-येट्सचा, यादी पत्त्यांसारखी पिसायची पद्धत, मूळ १९३८ ची. शेवटच्या जागेपासून सुरू करायचं, तिच्यासकट वरच्या सगळ्या नावांतून एक उचलायचं, त्याची त्या जागेवरच्या नावाशी अदलाबदल करायची, एक जागा वर सरकायचं. पाच ओळींचं काम. कंपनी म्हणते पुढच्या व्हर्जनमध्ये, वेगळे पैसे भरून.

बुकिंग रद्द करायच्या लिंकमधला गुप्त कोडही मॅथ.रँडमनेच बनतो. तिथे एक्सॉरशिफ्ट चालत नाही, कारण मागचे काही आकडे मिळाले की पुढचे काढता येतात. ब्राउझरमध्येच अंदाज न लागणारे आकडे देणारं क्रिप्टो.गेटरँडमव्हॅल्यूज आहे, फुकट. तेही सांगून झालंय.

नूतनीकरणाचे पैसे मी अडवून ठेवलेत. दोन्ही दुरुस्त्या जादा पैसे न घेता मिळाल्या तर भरेन. नाहीतर पावसाळ्यानंतर पाळी भाचीने लिहिलेल्या पाच ओळींवर लागेल आणि हे सॉफ्टवेअर फक्त पावत्यांपुरतं राहील.