ग्रंथालयाने वाचकांची स्पर्धा घ्यावी की संकलनाचा प्रयोग करावा?

मराठवाड्यातील तालुक्याच्या ग्रंथालयात वाचकांसाठी काही करायचे ठरले की निबंध किंवा काव्यलेखन स्पर्धेचे नाव प्रथम पुढे येते. दुसरा मार्ग क्वचितच विचारात घेतला जातो. त्यात एकच प्रश्न सर्वांपुढे ठेवायचा, आलेले प्रत्येक उत्तर नोंदवायचे आणि सगळीच उत्तरे जपायची. १९७२च्या दुष्काळात आपल्या घरी काय शिजत होते, हा असा एक प्रश्न होऊ शकतो.

स्पर्धेची मोठी सोय म्हणजे ती वेळेत संपते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन धरून परीक्षक नेमले, बक्षिसे ठरवली की महिन्याभरात काम आटोपते आणि वार्षिक अहवालात त्याची नोंदही होते. ग्रंथपाल आणि एखादा मदतनीस एवढ्यावरच जिथे कारभार चालतो, तिथे ही सोय लहान नाही. प्रवेशिकांवर नावाऐवजी क्रमांक घातले आणि परीक्षक बाहेरगावचे निवडले, तर निकालावरची कुरबुरही बरीच कमी होते.

परंतु प्रवेशिका कोणाकडून येतात, हे पाहिले पाहिजे. शिक्षकांनी सांगितलेला मजकूर उतरवून काढणारी मुले आणि गावात आधीपासून लिहिणारी मोजकी मंडळी, एवढ्यांतच स्पर्धा फिरत राहते. जिने दुष्काळी कामावर खडी फोडली, तिथे वाटली जाणारी सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) खाल्ली आणि मिलोच्या, म्हणजे बाहेरदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, लाल भाकरी थापल्या, ती आजी निबंध लिहीत नाही. तिची नातही तो विषय स्वतःहून निवडत नाही, कारण बक्षीस सुवाच्य अक्षराला आणि अलंकारिक भाषेला मिळते, हे तिला शाळेतच कळलेले असते.

संकलनाच्या प्रयोगात हीच आजी केंद्रस्थानी येते आणि माझा कल त्याकडे आहे, तो यामुळेच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. त्या कामात पहिला क्रमांक कोणाचा, हा प्रश्नच नव्हता. अर्थात या मार्गाला चिकाटी फार लागते. प्रश्न मोघम असेल तर उत्तरेही मोघम येतात. म्हणून ‘दुष्काळाच्या आठवणी सांगा’ असे न म्हणता भाकरी कशाची होती, पाणी कुठून आणत, कोणत्या कामावर गेलात, असे विचारावे. मोबाइलवर आवाज नोंदवण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि नाव छापायचे की नाही, हे सांगणाऱ्यानेच ठरवावे. जमवलेले पुन्हा गावापुढे वाचून दाखवले नाही, तर पुढच्या खेपेला कोणी बोलणार नाही.

दोन्हींचा मेळही घालता येतो. १९०६ साली इंग्लंडमधील प्लिमथ येथे जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे, कापून साफ केल्यावरचे वजन ओळखण्याची स्पर्धा झाली. बक्षिसे अचूक अंदाजांना होती. मात्र फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकांनी नंतर सगळ्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. वाचता येण्याजोग्या ७८७ अंदाजांचा मध्यक, म्हणजे अंदाज चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १२०७ पौंड निघाला आणि प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड होते. बक्षीस न मिळालेल्या चिठ्ठ्या फेकून दिल्या असत्या, तर सगळ्यांचा मिळून अंदाज इतका जवळ होता, हे कधीच कळले नसते. आपल्याकडे निकालानंतर उरलेले निबंध बहुधा रद्दीत जातात.

म्हणून मनुष्यबळ अगदीच तोकडे असेल तर स्पर्धा घ्यावी, पण ‘घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा’ अशी अट घालावी आणि प्रत्येक प्रवेशिका फाईलला लावावी. दोन-तीन उत्साही वाचक वर्षभर साथ देणार असतील, तर संकलनच हाती घ्यावे, आणि तेही लांबणीवर न टाकता, कारण १९७२मध्ये ज्यांना जाणतेपण आले होते ते आता सत्तरीच्या आसपास आहेत. वेळ निवडताना बीडसारख्या जिल्ह्यांत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल: दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तेव्हा घरोघर जाण्याचे काम एप्रिल-मे महिन्यांत, पेरणीची घाई सुरू होण्याआधी उरकावे.