बिटलॉकर की व्हेराक्रिप्ट? पुण्यातल्या छोट्या ऑफिसांत दोन्ही वापरून झालेलं मत

पुण्यात छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम करतो. सीए, वकील, दोन दवाखाने, नारायण पेठेतला एक छापखाना, असे लोक, ज्यांच्याकडे स्वतःचा आयटीवाला नसतो पण लॅपटॉपमध्ये मात्र लोकांचे पॅन, आधार, रिपोर्ट, कोर्टाचे कागद सगळं भरलेलं असतं. हल्ली जवळपास प्रत्येक जण विचारतो की डिस्क एन्क्रिप्ट करायची (म्हणजे किल्लीशिवाय कोणाला वाचता येऊ नये अशी कुलूपबंद) तर विंडोजमध्येच येणारं मायक्रोसॉफ्टचं बिटलॉकर लावू का, त्यात म्हणे सरकारसाठी बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, ठेवलंय. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी पाठवलेलं असतं आणि त्या भीतीने लोक एन्क्रिप्शनच लावत नाहीत, हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण गाडीची काच फोडून लॅपटॉपची बॅग नेणारा चोर पुण्यात रोज फिरतोय आणि त्याला कुठल्याही बॅकडोअरची गरज नाही, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं समोर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बिटलॉकर चांगलं आहे, लावा, पण विंडोज जसं आपोआप लावून देतं तसं नाही. आणि व्हेराक्रिप्ट, हे एन्क्रिप्शनचं दुसरं, फुकट सॉफ्टवेअर, बाहेरच्या हार्डडिस्कसाठी, पेन ड्राइव्हसाठी घ्या.

आता बिटलॉकर. हे २००७ मध्ये व्हिस्टाबरोबर आलं, आज विंडोजच्या महागड्या प्रो आवृत्तीत पूर्ण मिळतं. साधी होम आवृत्ती घेतली असेल तर त्याचाच छोटा भाऊ असतो, सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने. वापरायला इतकं सोपं की लागलंय हे कळतही नाही, चालू लॅपटॉपवर टॅली, एक्सेल, ब्राउझर सगळं नेहमीसारखं चालतं, स्पीडची तक्रार माझ्याकडे तरी कोणी केलेली नाही. पण हे "कळतही नाही" तिथेच खरी गोम आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की होमवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि ४८ आकडी रिकव्हरी की (अडकलेली डिस्क उघडायची किल्ली) गुपचूप त्या अकाउंटमध्ये अपलोड होते. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ व्हर्जनपासून तर नव्या इन्स्टॉलवर हे आणखी जास्त मशीनवर होतंय.

याचं काय होतं ते बघा. शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करणारे एक काका, त्यांचा लॅपटॉप बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटनंतर निळ्या स्क्रीनवर अडकला, रिकव्हरी की टाका म्हणतोय. काका म्हणाले, "अरे, मी तर असलं काही चालूच केलं नव्हतं." त्यांचं स्वतःचं मायक्रोसॉफ्ट अकाउंटच नव्हतं. मी म्हटलं काका, लॅपटॉप चालू कोणी करून दिला होता? तर दुकानातल्या पोराने. दुकानाचं नाव घेत नाही कारण हे एकाच दुकानात होतं असं नाही, गिऱ्हाईक घाईत असतं, पोरगा पटकन दुकानाच्या ईमेलने अकाउंट टाकतो, सेटअप उरकतो, पेन ड्राइव्ह आणि माऊस फ्री देतो, विषय संपला. आम्ही तिथे गेलो, त्या पोराने फोनवर दुकानाचं अकाउंट उघडलं आणि स्क्रीनवर ही लांबलचक यादी, 'डेस्कटॉप' नाहीतर 'लॅपटॉप' आणि पुढे कसलीतरी अक्षरं-आकडे, प्रत्येकासमोर की आयडी आणि ४८ आकडे. बोटाने वर सरकवत सरकवत की आयडी जुळवला, सहा-सहाचे आठ गट काकांनी वाचले, मी टाइप केले (प्रत्येक गट ११ ने भागला जातो म्हणून चुकलेला गट लगेच पकडला जातो, ही सोय खरंच छान केलीये) आणि लॅपटॉप उघडला. काका खूश झाले. मला मात्र ती यादी डोळ्यासमोरून जाईना. त्यात किती जणांच्या कोर्टाच्या केसेस, किती पेशंटची माहिती असेल, आणि त्यातल्या एकालाही पत्ता नसणार की आपल्या डिस्कची की दुकानाच्या ईमेलमध्ये पडून आहे आणि त्या ईमेलचा पासवर्ड काउंटरवरच्या सगळ्यांना माहिती आहे. फ्लॅटचा ताबा घेतल्यावरही बिल्डरच्या ऑफिसात डुप्लिकेट किल्ली टांगलेली असावी तसला प्रकार.

म्हणून बॅकडोअरच्या प्रश्नावर माझं म्हणणं असं आहे की अल्गोरिदममध्ये, म्हणजे कुलूप लावायच्या गणितात, भोक आहे का हे विचारायच्या आधी की कोणाकोणाकडे आहे ते विचारा.

अल्गोरिदमचा इतिहासही सांगतो, कारण शंका येणं चुकीचं नाही, ती हवेतून आलेली नाही. बिटलॉकर बनत असताना २००६ मध्येच ही कुजबुज सुरू झाली होती आणि त्यावर काम करणाऱ्या नील्स फर्ग्युसन या क्रिप्टोग्राफरने मायक्रोसॉफ्टच्या ब्लॉगवर जाहीर लिहिलं की असं काही माझ्या जिवंतपणी होणार नाही. आता कंपनीचा माणूस म्हणतोय म्हणून विश्वास ठेवायचा का? नुसत्या शब्दावर नाही ठेवणार. पण पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, याच फर्ग्युसनने डॅन शुमोबरोबर अमेरिकी स्टँडर्डमधल्या ड्युअल ईसी नावाच्या रँडम नंबर जनरेटरमध्ये (की बनवायला लागणारे आकडे काढणारा) बॅकडोअर असू शकतं हे क्रिप्टो परिषदेत दाखवून दिलं. २०१३ मध्ये स्नोडेनने फोडलेली एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेची कागदपत्रं आली, तिचा त्यातला हात चर्चेत आला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने तो जनरेटर शिफारशीतून काढून टाकला. म्हणजे बॅकडोअर खरंच बनवले जातात, स्टँडर्डमध्येही घुसवले जातात, आणि ते पकडणारा माणूस मायक्रोसॉफ्टचाच होता. त्यामुळे "मोठी कंपनी म्हणजे सगळे चोर" हे जेवढं खोटं तेवढंच "मोठी कंपनी आहे, बघतील ते" हेही.

बिटलॉकरच्या कोडमध्ये मुद्दाम ठेवलेलं बॅकडोअर आजवर कोणी दाखवलेलं नाही. पण निष्काळजीपणा दाखवलाय. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी क्रुशल आणि सॅमसंगच्या काही एसएसडी उघडून बघितल्या, त्यातलं स्वतःचं हार्डवेअर एन्क्रिप्शन काहींमध्ये इतकं कच्चं निघालं की पासवर्डशिवाय डेटा मिळत होता, आणि बिटलॉकर त्या काळात डिस्क म्हणते की मी एन्क्रिप्ट करते तर कर बाई असं म्हणून तिच्यावरच सोडून द्यायचं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते डीफॉल्ट बदललं. दुसरं म्हणजे टीपीएम, लॅपटॉपमधली की जपून ठेवणारी चिप. नुसत्या टीपीएमवर बिटलॉकर असेल तर लॅपटॉप चालू केला की चिप स्वतःहून की देते, तुम्ही काही टाइप न करता. २०२४ मध्ये एकाने जुन्या लेनोवो लॅपटॉपवर ती की वाटेतच पकडून दाखवली, रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड लावून, एक मिनिटसुद्धा लागलं नाही. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये टीपीएम प्रोसेसरच्या आतच असतं त्यामुळे ही वायर पकडायची युक्ती तिथे चालत नाही, तरी २०२४ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या केऑस काँग्रेस या हॅकरांच्या परिषदेत बिटपिक्सी नावाचा प्रकार सॉफ्टवेअरनेच करून दाखवला. दोन्हीवर उपाय एकच, लॅपटॉप सुरू होतानाच टाकायचा पिन. तो प्रोमध्येच ठेवता येतो, होममध्ये नाही, आणि हे मायक्रोसॉफ्टचं मला अजिबात पटत नाही, सगळ्यात साधं संरक्षण जास्त पैसे देणाऱ्यालाच का?

आणि ती अकाउंटमधली की. जानेवारी २०२६ मध्ये बातमी आली की ग्वाम या अमेरिकेच्या बेटावरच्या कोविडकाळातल्या बेरोजगारी भत्त्याच्या घोटाळ्यात एफबीआयने वॉरंट आणलं आणि मायक्रोसॉफ्टने ३ लॅपटॉपच्या रिकव्हरी की देऊन टाकल्या. कंपनीने स्वतःच सांगितलं की वर्षाला साधारण २० अशा मागण्या येतात आणि बऱ्याचदा की क्लाउडवर नसल्यामुळे देताच येत नाही. हे शेवटचं वाक्य नीट वाचा. यात हॅकिंग नाही, छुपं काही नाही, कायद्याने मागितलं आणि होतं म्हणून दिलं. अ‍ॅपलचंही बघा, २०१६ मध्ये सॅन बर्नार्डिनोच्या गोळीबारातल्या हल्लेखोराच्या आयफोनसाठी एफबीआयला ठाम नाही म्हणाले, आणि २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारचा दबाव आल्यावर आयक्लाउडचं सगळ्यात पक्कं एन्क्रिप्शन तिथल्या लोकांसाठी बंद केलं. आपल्याकडे आयटी कायद्याचं कलम ६९ आहेच, त्याखाली डेटा उघडून द्यायला मदत नाकारली तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. २०१५ मध्ये तर सरकारने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला होता, त्यात साध्या माणसानेही मेसेज ९० दिवस उघड्या स्वरूपात जपून ठेवायचे म्हणे, ओरड झाल्यावर मागे घेतला. वॉरंट घेऊन आलेल्या पोलिसाला माझा विरोध नाही. पण वकिलाच्या अशिलाचे कागद बघायचे तर वकिलाकडे या, त्याला कळू दे, तो कोर्टात बोलेल. त्याला न विचारता तिसऱ्याच देशातल्या कंपनीकडून की मिळावी हे मला मान्य नाही.

आता व्हेराक्रिप्ट. फुकट, सोर्स कोड उघडा, की फक्त तुमच्याकडे. हे जुन्या ट्रूक्रिप्टचं पुढचं रूप आहे. ट्रूक्रिप्टवाल्यांनी २८ मे २०१४ ला अचानक दुकान बंद केलं, साइटवर लिहिलं की हे सुरक्षित नाही, बिटलॉकर वापरा, आणि गायब. तेव्हा किती तर्क झाले! पण लोकांनी पैसे गोळा करून त्याच्या कोडचं ऑडिट करून घेतलं आणि २०१५ च्या रिपोर्टमध्ये बॅकडोअर काही सापडलं नाही. व्हेराक्रिप्टचंही २०१६ मध्ये क्वार्क्सलॅब या सुरक्षा कंपनीने ऑडिट केलं, गंभीर चुका निघाल्या, त्यातल्या बहुतेक लगेच दुरुस्त झाल्या आणि सगळं जाहीर आहे. मला हाच भाग आवडतो, चुका लोकांसमोर निघतात.

तरी उघडा कोड म्हणजे गंगाजल नाही. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या लिनक्समधल्या साध्या कॉम्प्रेशनच्या कोडमध्ये कोणीतरी दोन वर्षं विश्वास कमावून बॅकडोअर घुसवलं होतं, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खोदत बसलेल्या आंद्रेस फ्रॉइंडने ते पकडलं, आणि तो कुठे कामाला? मायक्रोसॉफ्टमध्ये.

वापरायला व्हेराक्रिप्ट जड आहे, हे मान्य करायला हवं. खिडक्या-बटणं वीस वर्षांपूर्वीची वाटतात, २० अक्षरांपेक्षा छोटा पासवर्ड दिला की कुरकुर करतं, ड्राइव्ह उघडायला काही सेकंद लागतात. ते मला चालतं. सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली असेल आणि विंडोजला लावली तर विंडोजला ती कळत नाही, मग ते विचारतं की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का, आणि फॉरमॅटचं बटण अगदी समोर. एका सीएच्या ऑफिसात नव्या आर्टिकलने (शिकाऊ पोराने) मला फोन केला, "सर, फॉरमॅट मागतंय, करू का?" मार्चअखेर, आणि त्या डिस्कवर सगळ्या ऑडिटची बॅकअप. त्याने विचारलं म्हणून वाचलं. तेव्हापासून मी दोन गोष्टी करतोच, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या पार्टिशनचं अक्षर काढून टाकतो म्हणजे तो प्रश्नच येत नाही, आणि व्हॉल्यूम हेडरचा (डिस्क उघडायला लागणारा तिचा सुरुवातीचा भाग) बॅकअप वेगळ्या जागी ठेवतो. जिथे चार-पाच पोरं डिस्क हाताळतात तिथे पूर्ण डिस्कऐवजी एक मोठी कंटेनर फाइल (जिच्या आत सगळं कुलूपबंद राहतं) बरी.

मग लॅपटॉपवरही व्हेराक्रिप्टच का नाही लावत? लावता येतं, माझ्या स्वतःच्यावर काही वर्षं होतं. पण ज्याला विंडोज अपडेट आला की घाम फुटतो अशा डॉक्टरांना मी ते देणार नाही, पासवर्ड विसरले तर ब्रह्मदेवही उघडू शकत नाही, आणि ते रात्री साडेदहाला फोन करणार.

त्यामुळे मी गिऱ्हाइकांना असं करून देतो. लॅपटॉप प्रोचाच घ्या. आधी अकाउंटच्या रिकव्हरी की पानावर जाऊन बघायचं की काय पडलंय. नुसती तिथून डिलीट करून माझं समाधान होत नाही, कारण कोणी आधीच फोटो काढला असेल तर? म्हणून विंडोजच्या मॅनेज-बीडीई कमांडने जुना रिकव्हरी पासवर्ड काढायचा, नवा बनवायचा, तो अपलोड न करता प्रिंट काढायचा, दोन प्रती, एक घरच्या कपाटात कागदपत्रांच्या फाइलमध्ये, एक बँकेच्या लॉकरमध्ये. मग विंडोजच्या ग्रुप पॉलिसी या सेटिंगमधून सुरुवातीचा पिन चालू करायचा. कागद हरवला तर काय हा प्रश्न रास्त आहे, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या फाइलने जगभर लाखो मशीन निळ्या पडल्या तेव्हा हिंजवडीपासून खराडीपर्यंत आयटीवाले या ४८ आकड्यांसाठीच धावत होते, तेव्हा प्रत हवीच. ज्यांना दोन कागदसुद्धा नीट सांभाळणं जमणार नाही त्यांनी की अकाउंटमध्ये ठेवली तरी मी वाद घालत नाही, फक्त अकाउंट स्वतःचं असू दे आणि त्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावा. एन्क्रिप्शन नसण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

बिटलॉकर प्रो, पिनसह, की कागदावर: पाचपैकी साडेचार. होमचं आपोआपवालं: अडीच, ते पण चोरापासून वाचवतं म्हणून. व्हेराक्रिप्ट बाहेरच्या डिस्कला चार, अख्ख्या लॅपटॉपला ज्याला समजतं त्यालाच.

आणि दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये नवीन लॅपटॉप घेणार असाल तर दुकानात सेटअप करून घेऊ नका, खोका घरी आणा आणि स्वतःच्या ईमेलने चालू करा. आधीच दुकानातून करून घेतला असेल तर सेटिंगमध्ये अकाउंट्सवर जाऊन वर कोणाचा ईमेल दिसतोय ते आजच बघा.